सातवा पदार्थ

"फुलं खायची? अगं, आपण माणसं आहोत की शेळ्या?"

सासरेबुवांचा हा सवाल गेले दोन महिने घरात रोज सकाळी व्हायचा, आणि सूनबाई रोज सकाळी कात्री घेऊन गॅलरीत जायचीच. आता तुम्हीच सांगा, कोणाचं डोकं फिरणार नाही? खत घालायचं सासऱ्यांनी, पाणी घालायचं सासऱ्यांनी, मावा पडला तर एकेक पान ओल्या फडक्यानं पुसायचं तेही सासऱ्यांनी, आणि झेंडू उमलला रे उमलला की त्यानं सूपवर तरंगायचं! गुलाबाच्या पाकळ्या भातावर, नॅस्टर्शियमची फुलं सॅलडमध्ये.

शेवटी सासूबाईंनी तह घडवून आणला. गॅलरीतल्या डावीकडच्या कुंड्या सुनेच्या, उजवीकडची एकुलती एक मोठी कुंडी सासऱ्यांची. तिकडे कात्री फिरकता कामा नये.

त्या कुंडीत सासरेबुवांची राखाडी जास्वंद होती. चार वर्षं या फुलाचा पराग त्या फुलाला लावून, बिया रुजवून, फसून, पुन्हा रुजवून त्यांनी ती तयार केली होती. निवृत्तीआधी तीस वर्षं ते कचेरीत नकाशे काढत. रेघ न् रेघ त्यांची, पण खाली सही साहेबांची. त्यांचं नाव एकाही कागदावर नव्हतं. बागमंडळाच्या स्पर्धेत पहिलं आलेलं फूल मात्र मंडळाच्या वहीत लावणाऱ्याच्या नावासकट कायमचं नोंदलं जाई. सासरेबुवांना तेवढंच हवं होतं, दुसरं काही नको.

जास्वंद एकच दिवस टिकते. म्हणून कळी उमलली की परीक्षकांना फोन करायचा आणि त्यांनी घरी येऊन फूल बघायचं, असा नियम होता. शनिवारी सकाळी सहाला कळी उमलली. सहा वाजून एक मिनिटानं सासरेबुवांनी परीक्षकांना झोपेतून उठवलं.

"येतो दुपारी," परीक्षक जांभई देत म्हणाले. "आणि हो, तुमच्या सूनबाईंनी आमच्या नव्या पाककृती विभागात नाव दिलंय ना? फुलांचे पदार्थ? तेही आजच उरकून टाकू."

"आज?" सूनबाई किंचाळली. "सहा पदार्थ? सहा तासांत? बाबा, फोन करण्याआधी मला विचारायचंत तरी!"

"फूल मला विचारून उमललं का?" सासरेबुवा म्हणाले.

अकरा वाजता नवंच संकट उभं राहिलं. जास्वंदीच्या पानांवर कुठूनशी पांढरी माशी येऊन बसली. अशी पानं परीक्षकांना दाखवायची? सासरेबुवांनी मन घट्ट केलं. तोडलेली जास्वंदसुद्धा संध्याकाळपर्यंत पाण्याशिवाय ताजी राहते, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी फूल देठासकट तोडलं, घरातल्या सगळ्यात सुंदर पांढऱ्या ताटलीत ठेवलं, शेजारी एक निरोगी पान शोधून लावलं आणि वर जाळी झाकली.

परीक्षक आले. गोल चेहऱ्याचे, गोड बोलणारे गृहस्थ. पण सूप समोर येताच त्यांचा चमचा थबकला.

"हे... खायचं असतं?"

स्वयंपाकघराच्या दारात सूनबाईचा चेहरा पडला. सासरेबुवांनी पाहिलं, पाहुण्यांचा मूड जातोय. मूड गेला की गुण गेले! दोन महिन्यांचं वैर गिळून ते हसले.

"म्हणजे काय, साहेब! आमच्या घरात ताटलीतलं प्रत्येक फूल खाण्यासाठीच असतं. देठ तेवढा बाजूला ठेवायचा. खा, खा, अजिबात संकोच करू नका."

परीक्षकांनी संकोच केला नाही. झेंडू खाल्ला, गुलाब खाल्ला, नॅस्टर्शियम दोनदा मागून घेतलं, केकवरची पॅन्सीची फुलंसुद्धा ठेवली नाहीत. सहा पदार्थ झाले. सून आणि सासूबाई चहा टाकायला आत गेल्या. चिरंजीव टेबलाशी मोबाइलमध्ये डोकं घालून बसले होते. सासरेबुवांनी पांढरी ताटली परीक्षकांसमोर ठेवली आणि जाळी उचलली.

"हे बघा, साहेब! चार वर्षं लागली एवढ्यासाठी. थांबा हं, वही आणतो. सगळ्या नोंदी आहेत त्यात."

वही कपाटात होती. कपाटाची किल्ली सापडायला दोन मिनिटं लागली. परत येऊन पाहतात तो ताटलीत एक पान आणि एक देठ!

"फूल कुठंय?"

"अप्रतिम!" परीक्षक रुमालानं ओठ टिपत म्हणाले. "जरासं बुळबुळीत लागतं, पण मीठ टाकल्यावर फारच छान. देठ बाजूला ठेवलाय, तुम्ही सांगितलंत तसा."

सासरेबुवांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातातोंडाशी आलेलं बक्षीस दुसऱ्याच्याच तोंडात गेलं होतं, आणि वर त्याला मीठही लावलं होतं!

"तू इथंच बसला होतास ना?" ते चिरंजीवांवर कडाडले.

"मला वाटलं तुमचं आणि हिचं जमलं एकदाचं," चिरंजीव म्हणाले. "मला वाटलं, तुम्हीही एक पदार्थ केलात."

आवाज ऐकून सूनबाई धावत आली. तिनं ताटली पाहिली, सासऱ्यांचा चेहरा पाहिला आणि पदर खोचून परीक्षकांसमोर उभी राहिली.

"अहो, ती बाबांची स्पर्धेतली जास्वंद होती! चार वर्षं पोरासारखी वाढवलीय त्यांनी. खाल्लीत कशी तुम्ही?"

परीक्षक ताडकन उठले. "मग ताटलीत घालून पुढे का केलीत? सहा फुलं खायला घालायची, आणि सातवं फक्त बघायचं! पाहुण्यानं ओळखायचं कसं?"

"बघितलंत तरी ना? तेवढ्यावर गुण द्या!"

"साधारण चार सेकंद बघितलं. नियमात निदान पाच मिनिटं लिहिलंय." आणि चहा न घेताच ते निघून गेले. पुढची कळी उमलायला तीन आठवडे होते. निकाल दुसऱ्याच दिवशी होता. सासरेबुवा जेवले नाहीत. सूनबाईनं दोनदा ताट वाढलं, दोन्ही वेळा परत नेलं.

रविवारी मंडळाच्या सभागृहात फुलांच्या विभागाचं पहिलं बक्षीस एका पिवळ्या डेलियाला गेलं. सासरेबुवा उठून चालू लागले. सासूबाईंनी त्यांना सदरा धरून खाली बसवलं. "सुनेचा निकाल ऐकायचा नाही का?"

पाककृती विभागात सूनबाईचा दुसरा नंबर आला.

"आणि पहिलं बक्षीस," परीक्षकांनी घसा साफ करून सासरेबुवांचं पूर्ण नाव वाचलं. "पदार्थ : राखाडी जास्वंद, कच्ची. लागणारा वेळ : चार वर्षं."

"मी घेणार नाही!" सासरेबुवा गरजले. "हा माझा अपमान आहे!"

"तुमचा अपमान?" आता सूनबाई उसळली. "मी सहा तास ओट्याशी उभी राहून सहा पदार्थ केले, आणि पहिलं बक्षीस तुम्हाला? तुम्हाला साधं दूध तापवता येत नाही, बाबा! दर वेळी उतू जातं!"

"नियम आहे," परीक्षक व्यासपीठावरून हात जोडून म्हणाले. "यजमान जे स्वतः वाढेल, ते त्याच्या नावावर. वहीत नाव चढलंय. आता खोडता येत नाही."

वहीत नाव चढलंय म्हटल्यावर सासरेबुवा जरा नरमले. नाव पदार्थांच्या वहीत होतं हे खरं, पण कायमचं होतं. ते जाऊन कप घेऊन आले, आणि खाली उतरताच पाककृती विभागातल्या पंधरा-वीस बायकांनी त्यांना गराडा घातला.

"काका, कृती सांगा ना!"

सासरेबुवा खेकसणारच होते. पण चार वर्षांत घरातल्या कोणी त्यांचं जास्वंदपुराण दुसऱ्या वाक्यापलीकडे ऐकलं नव्हतं, आणि इथं या बायका पेनांची टोपणं काढून वाट पाहत होत्या. त्यांनी खुर्ची ओढली.

"आधी माती चाळून घ्यायची," ते म्हणाले. "बारीक चाळणीनं."

पाऊण तास ते बोलत होते. पराग, बिया, खत, ऊन, मावा, सगळं सांगून झालं. सूनबाई लांब उभी राहून धुसफुसत होती. शेवटी तीही खुर्ची घेऊन जवळ येऊन बसली.

"आणि फूल उमलल्यावर?" पुढच्या बाईंनी विचारलं. "सगळ्यात शेवटी काय करायचं?"

"शेवटी?" सासरेबुवांचा आवाज पुन्हा चढला. "शेवटी ते कोणाच्याही बापाला खाऊ द्यायचं नाही!"

बायकांनी तेही लिहून घेतलं.