हिलाल आबांचा खांदा आणि बारा गाड्या

"शर्ट काढा, आबा," हेमांगी मॅडम म्हणाल्या आणि हिलाल आबा घाबरून दाराकडे बघायला लागले.

धुळ्यात हाताने स्नायू मोकळे करणाऱ्या एक डॉक्टर आहेत, तिथं नंबर लावलाय, एवढंच भूषणने बापाला सांगितलं होतं. आबांच्या हिशेबी दवाखाना म्हणजे एक सुई, तीन रंगांच्या गोळ्या आणि दहा मिनिटांत सुटका. इथं तर ही सुनेच्या वयाची पोरगी अर्धा तास नुसते प्रश्नच विचारत होती. कुठल्या कुशीवर झोपता? उशी केवढी? हात वर नेला की कुठं अडतो? आणि आता शर्ट!

"सुई नई का?" आबांनी आशेने विचारलं.

"नाही."

"मंग गोळी?"

"तीही नाही. मी हातानेच करणार. थोडं दुखेल. सोसवेना झालं की सांगा, मी थांबेन."

आबांचं खरं दुखणं वेगळंच होतं. दोंडाईच्याच्या बाजूला त्यांचं गाव. खंडेरावाची यात्रा सहा दिवसांवर आली होती. त्या दिवशी बारा बैलगाड्या एकामागे एक बांधतात, त्यात माणसं खच्चून भरतात आणि पहिल्या गाडीचं जू खांद्यावर घेऊन एकटा भगत त्या ओढतो. गेली एकोणीस वर्षं हा मान आबांचा. भगताचा खांदा आखडला हे गावाला कळलं असतं, तर मान तडक नथ्थूकडे गेला असता. गाड्या ओढताना आबांना बगलेत धरून चालायचं काम नथ्थूचं, आणि अकरा वर्षं तो त्या जुवाकडे नवऱ्या मुलीकडे बघावं तसा बघत होता. म्हणून हा धुळ्याचा फेरा फक्त भूषणला आणि आबांच्या बायकोला, सुंदरबाईंना, ठाऊक होता.

मॅडमनी त्यांना पालथं झोपवलं. त्या खाटेला तोंडापाशी चक्क एक भोक होतं! आबांनी त्यात तोंड घातलं. खाली मॅडमच्या चपला तेवढ्या दिसत होत्या. मग पाठीत एक अंगठा रुतला आणि आबांच्या करंगळीपर्यंत कळ गेली. दुखतो खांदा, दाबते पाठ, आणि कळ करंगळीत! हा काय प्रकार आहे ते आबांना कळेना.

तेवढ्यात हातातला फोन वाजला. सवयीने आबांनी तो कानाला लावला. नथ्थू होता.

"आबा, कोठे शेतस तुम्हीन?"

"धुयाले." मग आबांनी विहिरीवरची जळालेली मोटर दुरुस्तीला आणल्याची थाप मारली, "मोटर जयनी ना, ती भराले उनू... मरी गऊ वं माय!"

"काय व्हयनं? कोन मारी राहिनं तुमले?"

"कोन्ही नई रे! मोटरवालानी बिल सांगं... अयायाया!"

"आबा, अजून जोरात चालेल का?" मॅडमनी वरून विचारलं. आबांनी फोन बंद केला, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

निघताना मॅडमनी बजावलं, "उद्या अंग ठणकेल, घाबरू नका. पाणी भरपूर प्या. दर थोड्या वेळाने मान दोन्ही बाजूंना पूर्ण मागे वळवायची. आणि तीन आठवडे खांद्यावर अजिबात जोर नाही."

"तीन आठवडा?" आबा यात्रेचे दिवस बोटांवर मोजायला लागले.

घरी पोचले तर ओट्यावर अर्धं गाव. दारात जीप उभी, जीपमध्ये काठ्या घेतलेली दहा माणसं.

"त्या मोटरवालानं फक्त नाव सांगा!" नथ्थू गरजला. "आन् ती बाई कोन व्हती?"

खरं सांगावं तर मान जाणार, न सांगावं तर धुळ्यात एका गरीब मोटरवाल्याची हाडं मोडणार. आबांनी डोळे मिटले आणि अंगात देव आल्याची थाप ठोकली, "कोन्ही मारं नई. मन्हा अंगमा उनं व्हतं."

काठ्या खाली गेल्या. हात जोडले गेले. म्हातारे रुपचंद नाना गहिवरून म्हणाले, "सहा दिन आधी देव उना! अवंदा गाड्यासमा दुप्पट मानसं बसाडा रे!"

"येळकोट येळकोट जय मल्हार!" सगळे ओरडले. आबा मात्र घराकडे सटकले.

घरात शिरताच त्यांनी सुंदरबाईंना गाठलं. "जोर लावाना नई म्हने ती. आते गाड्या कश्या सरकतीन?"

"नका लावू जोर," सुंदरबाई पोळी उलटत म्हणाल्या. "जू धरा नि चाला."

आबांना रागच आला. एकोणीस वर्षांच्या पराक्रमाची घरच्या बाईला ही किंमत!

यात्रेच्या दिवशी गाड्यांत पाय ठेवायला जागा नव्हती. आबांनी जू खांद्यावर घेतलं, देवाची माफी मागितली आणि चिमूटभरही जोर न लावता पाऊल टाकलं. गाड्या हलल्या. नुसत्या हलल्या नाहीत, पळायला लागल्या. जू अंगावर येऊ नये म्हणून आबांना पुढे पळावं लागलं. माणसं दुप्पट, जोर शून्य आणि वेग दरवर्षीपेक्षा जास्त! आबा पार हादरले.

भगताने मागे बघायचं नसतं. एकोणीस वर्षं आबांनी बघितलं नव्हतं. पण देवळापाशी वाट वळते, तिथं सहा दिवसांच्या सवयीने त्यांची मान आपोआप पूर्ण मागे फिरली. प्रत्येक चाकाला चार-चार माणसं भिडली होती. सत्तरीचे रुपचंद नानाही त्यात होते. आणि शेवटच्या गाडीला, पदर खोचून, लालबुंद चेहऱ्याने सुंदरबाई रेटा देत होत्या.

"अवंदा आबाना अंगमा कितलं बळ!" लोक पाया पडत होते. घरी आल्यावर आबांनी सुंदरबाईंना विचारलं.

"तू कधीपाईन ढकली राहिनी?"

"पहिला वरीसपाईन."

"आन् मले कोन्हीच सांगं नई?"

"तुम्हीन मागे दखं का कधी?" असं म्हणून सुंदरबाई माठाकडे वळल्या. त्यांनी उजवा हात फळीवरच्या तांब्याकडे नेला, तो अर्ध्यावर अडला, तेव्हा डाव्या हाताने तांब्या काढला. तो हात कधीपासून असा अडतो, हे आबांना ठाऊक नव्हतं. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या वेळेला त्यांनी फोन लावला. "मॅडम, मन्ही बाईना नंबर लावाना शे. तिना खांदा आखडी गया."

"त्या जड काय उचलतात का, आबा?"

आबांनी मान मागे वळवून सुंदरबाईंकडे बघितलं. मग म्हणाले, "बारा गाड्या."