गेल्या वर्षीचा नागेश

पणदऱ्याच्या दूध डेअरीचा सेक्रेटरी मानसिंग याला जगातलं सगळं कळत होतं. दुधात पाणी किती, हे तो नुसतं कॅनचं झाकण उघडल्याच्या आवाजावरून सांगायचा. नंतर मशीन वेगळंच काहीतरी सांगायचं, पण तोवर मानसिंग दुसऱ्या विषयाकडे वळलेला असायचा!

शहाण्णव सालच्या दिवाळीनंतर हा विषय होता कबड्डी. खेळण्याचा प्रश्नच नव्हता. मानसिंगला डेअरीच्या पायऱ्या चढतानाच धाप लागायची. तो खेळायचा ती मनातली कबड्डी.

डेअरीच्या कट्ट्यावरच्या मंडळींनीच हा खेळ काढला होता. दिवाळी झाली की बारामती आणि इंदापूर तालुक्यांतले कुठल्याही गावचे तीन चढाईवाले ज्यानं त्यानं आपल्या नावावर घ्यायचे. मग हिवाळाभर जिथं जिथं सामने होतील, तिथं त्या तिघांनी मिळवलेले गुण आपले. खेळणाऱ्या पोराला पत्ताही नसायचा, की घाम आपण गाळतोय आणि छाती पणदऱ्यात दुसऱ्याच कुणाची तरी फुगतेय! शेवटी ज्याचे गुण जास्त, तो फेटा बांधून गावच्या यात्रेतल्या सामन्यांचा मानाचा नारळ फोडणार. ज्याचे सगळ्यात कमी, तो बादली घेऊन मैदानावर फक्की मारणार, म्हणजे सगळ्या गावादेखत वाकून चुन्याच्या रेषा आखणार.

एरवी मानसिंगनं हे हसण्यावारी नेलं असतं. पण यंदाच्या यात्रेला प्रमुख पाहुणे म्हणून येणार होते इंदापूरचे बापूसाहेब, म्हणजे मानसिंगचे सासरे. "डेअरीतली नोकरी बघून पोरगी दिली. माणूस बघितला असता तर दिली नसती," हे वाक्य ते प्रत्येक लग्नात अक्षता पडायच्या आत एकदा तरी बोलून घ्यायचे. ते मानसिंगच्या जिव्हारी लागलेलं होतं.

"रोहिणी, यंदा नारळ मी फोडणार!" त्यानं बायकोला सांगून टाकलं. "फेटा बांधून, तुझ्या आबांच्या शेजारी हुबा ऱ्हाऊन!"

"फोडा की," रोहिणी म्हणाली, "पर आदी घरातला फोडा. चटणीला पायजे म्हणून कवापासनं सांगतीया."

निवडीच्या दिवशी मानसिंग कट्ट्यावर आला तो सिद्धांत घेऊनच.

"सोपं हाय! गेल्या साली ज्यानं केलं, त्योच यंदा बी करणार. गेल्या वेताला भरपूर दूध दिल्याली म्हस ह्या वेताला काय लगीच आटती व्हय?"

"म्हशीचं मला म्हाईत न्हाय," ऊसवाला दत्तोबा तंबाखू मळत म्हणाला. "पर ऊस बघ. लागणीचा पयला ऊस मांडीएवढा. त्येच बुडखं परत फुटून आल्याला खोडवा मनगटाएवढा. आन् तिसऱ्या सालचा निडवा बघाय तर मालक बी जात न्हाय."

"माणूस काय ऊस हाय का, तात्या?"

"चढाईवाला हाय. सात-सात गडी वरीस-वरीसभर अंगावर पडत्यात त्येच्या. ऊस तरी एकदाच तोडत्यात!"

मानसिंगनं त्याच्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं आणि गेल्या वर्षीचा पहिला, दुसरा आणि तिसरा असे तिन्ही चढाईवाले उचलले. कुणी हूं की चूं केलं नाही. उलट "घे बाबा, घे," असं सगळे मोठ्या प्रेमानं म्हणाले. शहाणा माणूस असता तर तिथंच सावध झाला असता!

दत्तोबानं घेतला वालचंदनगरकडचा सूरज नावाचा कुणी नवखा पोरगा.

"ह्यो कोण?"

"मला तरी कुठं ठावं! आमच्या बनाबाईच्या म्हायेरचा हाय. घेतला न्हाय तर मालकीण जेवाय वाढायची न्हाय."

मग रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी खंडोबाचा भंडारा उचलला आणि कपाळाला लावला. एकदा भंडारा उचलला की नाव बदलायचं नाही. आणि आपल्या चढाईवाल्याला भेटायचं नाही, की त्याच्याशी बोलायचं नाही.

महिनाही गेला नाही. दुसऱ्या नंबरवाल्याचा गुडघा दुखावला, तोही सामन्यात नाही, सुटलेल्या रेडकामागं धावताना! तिसरा सैन्यात भरती होऊन बेळगावला गेला. उरला पहिला, इंदापूरचा नागेश. गेल्या वर्षी याला धरायला अख्ख्या तालुक्याला हात पुरले नव्हते. तर बातमी आली, की नागेशला कायमची नोकरी लागली, लगोलग लग्न झालं, आणि तो एकाही सामन्यात दिसला नाही. खेळणार तो एकदम इंदापूरच्या मोठ्या स्पर्धेत.

मानसिंगला घटकाभर एका जागी बसवेना. तो उठायचा, फाटकापर्यंत जायचा, परत यायचा, परत उठायचा. त्या तंद्रीत त्यानं आक्काबाईच्या मरतुकड्या गाईच्या दुधाला असा काही फॅट लिहिला, की ती गाय बघायला शेजारच्या दोन गावांची माणसं आली! इंदापूरच्या स्पर्धेची जीप कर्णा लावून डेअरीवरून गेली, तेव्हाही सगळे कान देऊन ऐकत होते आणि मानसिंग एकटा दत्तोबाला आपला सिद्धांत पुन्हा समजावत होता.

शेवटी न राहवून त्यानं डेअरीच्या कामाचं निमित्त काढलं, एम-एटीला किक मारली आणि इंदापूर गाठलं. भेटायचं नाही असा नियम होता, लांबून बघायचं नाही असा कुठं होता? मैदानाकडेच्या बाभळीआडून त्यानं पाहिलं. भर दुपारी अंगात स्वेटर, डोक्याला कानटोपी घालून नागेश मैदानाला चकरा मारत होता. गालफडं बसलेली, डोळे खोल गेलेले.

"हुडहुडी भरलीया पोराला!" मानसिंग बाभळीला म्हणाला. "लग्नानं पार वाळवला!"

नागेश दुपारपाळीला कामावर गेल्यावर त्यानं त्याचं घर शोधून काढलं. दारात नागेशची नवी नवरी सुकन्या आली.

"ते कामावर गेल्यात," ती म्हणाली.

"ठावं हाय. म्हणून तर आलो." आपण काय बोललो हे लक्षात येऊन मानसिंगनं घाईघाईनं हात जोडले. "वहिनी, मी त्येच्या खेळाचा चाहता. त्येला जेवाय घालत न्हाय काय तुमी?"

सुकन्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. "घालते वो दादा! पर खातच न्हाईत. कोरडी भाकरी आन् मुगाचं पाणी. तूप दावलं की तोंड फिरवत्यात. इचारलं तर म्हणत्यात, खेळायचं हाय."

"खेळायचं हाय म्हणून तर खायाला पायजे! अन्नावरची वासना उडालीया त्येची. त्येला न सांगता घाला. पिठात घाला, मुगात घाला. घरच्या म्हशीचं तूप मी आणून देतो. फकस्त माझं नाव काढू नका."

खेळाडूशी बोलायचं नव्हतं. बायकोबद्दल भंडाऱ्यात काही ठरलेलं नव्हतं!

तेव्हापासून इंदापूरच्या खेपा सुरू झाल्या. आणि पणदऱ्यात रोहिणीच्या तुपाचा डबा खाली जायला लागला. तिनं आधी मांजराला धरलं. बिचाऱ्याला दोन दिवस खोलीत कोंडलं, तरी तूप कमी! मग तिनं नवऱ्याला धरलं.

"तूप कुठं जातंया?"

"तूप? त्ये... डेअरीत नमुना लागतो."

"किटली भरून?"

"मोठी डेअरी हाय, रोहिणी!"

तिकडे इंदापुरात नागेशची गल्ली ओलांडली की बापूसाहेबांचं घर. आपला जावई झाकलेली किटली घेऊन, नवरा घरात नसताना, एका नव्या नवरीच्या दारात जातो आणि इकडंतिकडं बघत बाहेर पडतो, हे त्यांनी एकदा पाहिलं, दुसऱ्यांदा पाहिलं, आणि तिसऱ्यांदा लेकीला निरोप धाडला, 'स्पर्धेच्या दिवशी इकडं ये. डोळ्यानं बघ.'

स्पर्धेचा दिवस उजाडला. मानसिंग सगळ्यांच्या आधी मैदानावर हजर! बघतो तर लिंबाखाली धान्याच्या आडतीतला वजनकाटा मांडलेला, शेजारी खुर्ची टाकून पंचांचे प्रमुख म्हणून साक्षात बापूसाहेब बसलेले, आणि खेळाडू एकेक करून काट्यावर चढतायत.

"वजन कशाला करत्यात? ही काय साखर हाय का?" त्यानं शेजारच्याला विचारलं.

"कुठलं पावणं तुमी? यंदा पासष्ट किलोचा गट ठिवलाय. पासष्टाच्या वर गेला की घरी! जीप बोंबलत फिरत व्हती की गावोगाव!"

मानसिंगच्या पायाखालची जमीन सरकली. त्याला कोरडी भाकरी आठवली. मग स्वेटर आठवला आणि तो मैदानाकडेला उभ्या असलेल्या त्याच जीपमागं जाऊन खाली बसला.

नागेश काट्यावर चढला. काटा पासष्ट ओलांडून गेला. नागेशनं बनियन काढलं. घड्याळ काढलं. गळ्यातला ताईत काढला. कुणीतरी केस भादरायला सांगितलं, म्हणून चौकातला न्हावी उचलून आणला आणि पोराचा चकोट केला. काटा मेला तिथंच!

"बापूसाहेब, दिवाळीपास्नं मुगाच्या पाण्यावर हाय वो मी!" नागेश रडकुंडीला आला. "वजन उतरंचना! पळून पळून पायाचं तुकडं पडलं!"

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून सुकन्या पुढं धावली. "माझंच चुकलं! मी तूप घालत व्हते. पिठात बी आन् मुगात बी!"

"कुणी सांगितलं तुला?"

"त्या दादांनी!" तिनं थेट जीपमागं बोट दाखवलं.

सगळं मैदान वळलं. मानसिंग हळूच उभा राहिला, तर समोर रोहिणी, कमरेला पदर खोचून!

"हीच का ती? हिच्याकडं जात व्हता तुमी?"

"हिच्याकडं न्हाय, रोहिणी! हिच्या नवऱ्याकडं! म्हंजे, त्येच्यासाठी! माझा पयला चढाईवाला हाय त्यो!"

एका दमात त्यानं डेअरी, नारळ, भंडारा, बाभळ, किटली सगळं ओकून टाकलं. गर्दीत दत्तोबाही होता, त्याचा तंबाखू मळणारा हात तसाच थांबला. नागेश चकोट केलेल्या डोक्यावर हात फिरवत राहिला. त्याच्याकडे बघून मानसिंगला खरोखरच रडू आलं. पोराचं अख्खं वर्ष त्यानं तुपात बुडवलं होतं.

बापूसाहेबांनी फेटा काढून मांडीवर ठेवला.

"पोरी," ते खोल आवाजात म्हणाले, "तुझ्या नवऱ्याचा पाय घसरला असता, तर चार शिव्या घालून मी पदरात घेतलं असतं. पर ह्ये मी लोकांत काय म्हणून सांगू?"

पुढच्याच आठवड्यात वजनाची अट नसलेल्या एका सामन्यात नागेश असा काही खेळला, की बघणाऱ्यांनी टोप्या उडवल्या. पण तोवर हिवाळा सरला होता. गेल्या वर्षीचा गडी यंदाही चालतो की नाही, हा सिद्धांत खरा का खोटा, ते काही ठरलंच नाही!

यात्रेला दत्तोबानं फेटा बांधून, बापूसाहेबांच्या शेजारी उभं राहून नारळ फोडला. त्याच्या सूरजनं दोन्ही तालुके गाजवले होते. त्याआधी सगळ्या गावादेखत मानसिंगनं फक्की मारली. मधली रेषा वाकडी आली, म्हणून बापूसाहेबांनी ती पुसून पुन्हा मारायला लावली.

संध्याकाळी कट्ट्यावर मंडळी जमली, पाहुणे म्हणून बापूसाहेबही येऊन टेकले. माणसं कसली दम काढतायत! पुढच्या वर्षीची निवड आताच करू, असा सूर निघाला. हरलेल्याला पहिली संधी, हाही रिवाजच.

"बोल मानसिंग. काय शिकलास?" दत्तोबानं डोळा मारत विचारलं.

मानसिंगनं विचार केला. खोडवा आठवला, गुडघा आठवला, बेळगाव आठवलं. सगळं त्याला स्वच्छ पटलं. आणि चुन्यानं पांढऱ्या झालेल्या हातानं भंडारा उचलून कपाळाला लावत तो गरजला, "सूरज! ह्या साली त्येनंच केलं, फुडल्या साली बी त्योच करणार!"

बापूसाहेबांनी पिशवीत हात घालून एक पत्रिका काढली आणि जावयाच्या पुढ्यात धरली.

"जावईबापू, ही द्यायची ऱ्हायलीच व्हती बघा. सूरजचं लगीन हाय येत्या म्हैन्यात. आमच्याच भावकीतली पोरगी केलीया त्येनं."

मानसिंगनं आधी पत्रिकेकडे पाहिलं, मग आपल्या पिवळ्या झालेल्या बोटांकडे.

पाठीमागून रोहिणीचा आवाज आला, "अवो, चला घरी. आन् आत्ताच सांगून ठिवते, तुपाच्या डब्याला मी कुलूप लावलंय!"