खुर्चीसकट घर

चहाची किटली जागेवर नव्हती. बायकोने ओट्याखाली पाहिलं, फळीवर पाहिलं, धुतलेल्या भांड्यांच्या टोपलीत पाहिलं. मग हात पुसत ती बाहेरच्या खोलीत आली आणि वर्तमानपत्रामागे बसलेल्या नवऱ्याला म्हणाली,

"कुठल्या घरात आहे?"

"तिसऱ्या मजल्यावरच्या," वर्तमानपत्र म्हणालं. "दोन दिवसांत आणतो परत."

"पडदेही दोन दिवसांसाठीच गेले होते. खिडकीला मी जुनी चादर लावलीय. समोरच्या काकू विचारत होत्या, घरात रंगकाम काढलंय का."

"मग काय सांगितलंस?"

"म्हटलं, संसार काढलाय. विकायला."

नवरा लोकांची घरं विकून देण्याचा धंदा करत असे. खिशात कायम किल्ल्यांचे जुडगे, त्यामुळे तो आधी ऐकू येई आणि मग दिसे. म्हणून सगळे त्याला किल्लीवाले म्हणत. दलाल म्हटलेलं त्याला आवडत नसे आणि एजंट म्हटलं की विम्याचा वाटतो, असं त्याचं म्हणणं होतं.

धंद्यात त्याने एक शोध लावला होता. रिकाम्या घरात गेलं की माणसाला भिंतीची ओल दिसते. तिथे पडदा लावला की पडदा दिसतो. ओट्यावर किटली ठेवली की ओट्याची फुटकी फरशी दिसत नाही, चहा दिसतो. म्हणून विकायच्या घरात तो थोडा थोडा संसार नेऊन ठेवी. संसार अर्थात स्वतःचाच. घर विकलं गेलं की वस्तू परत येत. पण हे तिसऱ्या मजल्यावरचं घर काही केल्या विकलं जात नव्हतं. त्यामुळे ते दिवसेंदिवस भरत चाललं होतं आणि किल्लीवाल्यांचं रिकामं होत चाललं होतं.

त्या घराचे मालक बँकेतून निवृत्त झालेले. जन्मभर लोकांना कर्ज नाकारून त्यांच्या मानेला आडवं हलायचंच वळण लागलं होतं.

"दोन टक्के?" ते प्रत्येक भेटीत नव्याने विचारत. "कशाचे? किल्ली फिरवायचे?"

"साहेब, किल्ली फिरवायचं मी काहीच घेत नाही. कुणासमोर फिरवायची, त्याचे घेतो."

"ते अर्ध्या टक्क्यात बसायला हवं."

"पण आपलं दोन ठरलंय."

"ठरलंय हो. बघू."

दात काढणाऱ्या डॉक्टरला मालकांनी कधी 'एक क्षणच तर लागला' असं म्हटल्याचं ऐकिवात नव्हतं. पण घर विकणाऱ्याचे जिने कुणी मोजत नाही. दहा घरं दाखवावीत, गिऱ्हाइकाला लहान मुलासारखं उन्हातून सांभाळून न्यावं, आणि अकरावं घर त्याने मेहुण्याच्या ओळखीने परस्पर घ्यावं, हे या धंद्यातलं रोजचं. त्या दहा घरांचे पैसे कोण देणार? म्हणून जे एखादं जमतं, त्याचे पुरते मिळावेत, एवढंच किल्लीवाल्यांचं म्हणणं. आणि हे घर मोठं होतं. ते जमलं, तर वर्षभराची ओढाताण संपणार होती.

गणिताच्या एक बाई आणि त्यांचे यजमान घर पाहायला येणार, असं ठरलं, तेव्हा किल्लीवाल्यांनी तिथे शेवटची नजर फिरवली. पडदे होते, घड्याळ होतं, सतरंजी होती. खिडकीजवळचा कोपरा तेवढा बोडका दिसत होता. तिथे एक खुर्ची हवी होती.

घरात खुर्ची एकच उरली होती. आईची.

वेताची, रुंद हातांची ती खुर्ची आईंच्या लग्नाइतकी जुनी होती. रोज पहाटे आंघोळ करून त्या तिच्यात बसत, डोळे मिटून देवाचं नाव घेत, आणि मगच चहाला तोंड लावत. हा त्यांचा नेम. तापात असतानाही त्यांनी खुर्ची पलंगाला लावून घेतली होती, पण नेम चुकू दिला नव्हता. त्या दिवशी आई लेकीकडे गेल्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतणार होत्या. तोवर खुर्ची जाऊन येईल, असा हिशोब करून किल्लीवाल्यांनी ती उचलली.

गिऱ्हाईक आलं. यजमानांनी खिशातून मापाची टेप काढली आणि ते जे दिसेल ते मोजत सुटले. बाई मात्र खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या आणि उठेचनात.

"इथल्या आजी रोज सकाळी इथे बसून देवाचं नाव घ्यायच्या," किल्लीवाले हळुवार आवाजात म्हणाले. गोष्ट खरीच होती, फक्त पत्ता चुकीचा होता.

"जाणवतं हो ते," बाई म्हणाल्या. "अहो, ऐकलंत का? हेच घ्यायचं. पण ही खुर्ची मला इथेच हवी. खुर्चीसकट."

किल्लीवाल्यांनी तोंड उघडलं, पण मालक पुढे झाले.

"घ्या की. खुर्ची, पडदे, किटली, दिसतंय ते सगळं घराबरोबर. आमच्यातर्फे."

ज्या माणसाने आयुष्यात कुणाला टाचणी फुकट दिली नव्हती, तो दुसऱ्याच्या संसारावर असा उदार झाला. यजमानांनी तिथल्या तिथे टोकनाची रक्कम दिली. जिन्यात किल्लीवाल्यांनी मालकांना गाठलं.

"साहेब, खुर्ची आमच्या आईची आहे."

"मग त्यांना सांगता का तसं? म्हणजे आजीही खोट्या आणि घरही खोटं. सौदा मोडला तर दलाली विसरा."

आई आल्या. पहाटे आंघोळ करून बाहेरच्या खोलीत आल्या, रिकाम्या जागेपाशी जरा उभ्या राहिल्या आणि पलंगाच्या कडेवर टेकल्या. मुलाने सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"मी काही म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "चहा तेवढा राहू दे."

"आई, देव काय खुर्ची बघून येतो का?"

"देव कुठेही येतो रे बाळ. माझंच मन दुसरीकडे बसत नाही."

आई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या रागावल्या नाहीत. दिवसभर भाजी निवडली, सुनेला दोरा ओवून दिला, शेजारणीशी गप्पा मारल्या, आणि चहा घेतला नाही. दुपारी त्यांचं डोकं दुखायला लागलं. त्याबद्दलही त्या काही म्हणाल्या नाहीत.

"त्या बोलत नाहीत म्हणून मी बोलते," बायको म्हणाली. "उद्या मीच आवडले गिऱ्हाइकाला, तर मलाही ठेवून या तिथे. ओट्यापाशी शोभेन."

किल्लीवाले बाजारात गेले आणि तश्शीच वेताची नवी खुर्ची घेऊन आले. आईंनी तीत बसून पाहिलं. "छान आहे हो," म्हणाल्या. "पाहुण्यांना होईल."

मग किल्लीवाल्यांना सुचलं की नवी खुर्ची तिकडे ठेवावी आणि जुनी गुपचूप इकडे आणावी. लिफ्ट नेमकी बंद होती. खुर्ची डोक्यावर घेऊन ते तीन जिने चढले, गुडघ्याने दार ढकलून आत शिरले, तर गणिताच्या बाई जुन्या खुर्चीत बसलेल्या. मालकांकडून किल्ली घेऊन मापं घ्यायला आल्या होत्या. यजमान स्वयंपाकघरात काहीतरी मोजत होते.

"अय्या, जोडीची आणलीत?" बाई म्हणाल्या. "किती करता हो तुम्ही लोकांसाठी."

किल्लीवाले किल्ल्या वाजवत रिकाम्या हातांनी घरी आले. आता तिकडे दोन खुर्च्या झाल्या होत्या आणि इकडे एकही नव्हती.

"झालं?" बायकोने विचारलं. "आता माझं ऐका. खरेदीखत होईपर्यंत किल्ली तुमच्याकडे आहे ना? खुर्ची इकडे येत नाही, तर आई तिकडे जातील."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तिघं निघाले. आई खुर्चीत बसल्या, डोळे मिटले, नाव घेतलं. किटली तिथे होतीच, म्हणून सुनेने तिथेच चहा केला. आईंनी कप दोन्ही हातांत धरला आणि पहिला घोट घेऊन डोळे मिटले, तेव्हा किल्लीवाल्यांना वाटलं, की नाव आत्ता घेतलं जातंय.

असे काही दिवस गेले. तिथे पडदे होते, घड्याळ होतं, पायांखाली सतरंजी होती. स्वतःच्या घरी नव्हतं ते सगळं तिथे होतं. सून तर म्हणाली, "आपणच घेऊ या का हे? सामान न्यायचा खर्च वाचेल."

आणि एका सकाळी, चहा कपात ओतला जात असतानाच दारात बाई उभ्या राहिल्या. मागे टेप घेऊन यजमान.

बाईंनी खुर्चीतल्या आजींकडे पाहिलं, वाफाळत्या किटलीकडे पाहिलं.

"त्या आजी म्हणजे तुम्हीच का?"

"त्या म्हणजे कोणत्या, ते मला ठाऊक नाही," आई म्हणाल्या. "मी ह्याची आई. घर माझं नाही. खुर्ची माझी आहे."

किल्लीवाल्यांच्या खिशातल्या किल्ल्यासुद्धा गप्प झाल्या.

बाई रागावल्या नाहीत. त्या दुसऱ्या खुर्चीत समोर बसल्या. "आजी, तुम्ही रोज बसता इथे. मग खरं सांगा, घर कसं आहे?"

आईंनी मुलाकडे पाहिलं. "बाळ, सांगू का?"

देवाचं नाव नुकतंच घेतलेल्या आईला 'नको' कसं म्हणायचं? वर्षभराची कमाई समोरच्या भिंतीवरून ओघळून जाताना किल्लीवाल्यांना दिसली. "सांग," ते म्हणाले.

"उजेड चांगला येतो. न्हाणीघराचा नळ मात्र सारखा गळतो. मी त्याच्याच तालावर नाव घेते, म्हणून मला चालतं. वरचे लोक पहाटे कपाट ओढतात. रोज ते कुठे नेतात, देव जाणे. आणि ह्या पडद्यामागे ओल आहे. पडदे चांगलेत हो, आमच्या सूनबाईंनी शिवलेत."

यजमानांनी पडदा उचलला आणि ओलीला टेप लावली. नळ तेवढा गळत होता.

"आम्ही इतकी घरं पाहिली," बाई अखेर म्हणाल्या, "आणि एकातही दोष नाही. सगळे म्हणतात, घर म्हणजे सोनं. आता दोषच सांगितला नाही, तर वजा काय करायचं? आणि वजा केल्याशिवाय उत्तर येतं का कधी? पहिल्यांदा कुणीतरी मला गणित पुरं घातलंय." त्यांनी पर्समधून पेन काढलं. "नळ आणि ओल ह्यांचं काय ते कमी करू. कपाटाचं मी बघते, वर जाऊन."

मालकांना बोलावण्यात आलं. त्यांची मान आडवी हलली, पुन्हा हलली, पण बाईंनी ओलीवरचा पडदा धरूनच ठेवला होता. शेवटी मान उभी हलली. वस्तू ज्याच्या त्याला परत करायचं ठरलं. बाई म्हणाल्या, "तुमची खुर्ची तुम्ही न्या, आजी. ही नवी मात्र राहू दे. मला हीच बसायला सोयीची पडतेय."

नव्या खुर्चीच्या पैशांचा विषय कुणी काढला नाही, किल्लीवाल्यांनीही नाही.

खरेदीखत झाल्यावर मालक चेक घेऊन किल्लीवाल्यांच्या घरी आले. खिडकीला पडदे होते, भिंतीवर घड्याळ होतं, खुर्चीत आई होत्या. सुनेने चहा आणला. मालकांनी चेक टेबलावर ठेवला. अर्धा टक्का.

"साहेब, दोन ठरले होते."

"ठरले होते हो. पण घर तुम्ही कुठे विकलंत? घर विकलं तुमच्या आईंनी. तेही किंमत पाडून." आणि आपल्या तर्कावर खूश होऊन ते आईंकडे वळले. "घ्या, आजी, चहा घ्या."

आईंनी कप उचलला नाही.

मालकांना चहाची तल्लफ आली होती. पण वडीलधारं माणूस समोर तसंच बसलेलं असताना आपण कप तोंडाला कसा लावायचा? ते थोडा वेळ थांबले. दुधावर साय धरू लागली.

"आजी, निवतोय."

"निवू दे."

"माझं काही चुकलं का?"

"मी काही म्हणत नाही," आई नेहमीच्या हळू आवाजात म्हणाल्या. "हा तुमचे जिने चढत होता, तेव्हाही म्हटलं नाही. तुम्ही माझी खुर्ची देऊन टाकलीत, तेव्हाही नाही. आता काय म्हणायचं? शब्द तुमचा, चेक तुमचा. चहा तेवढा आमचा."

घड्याळ टिकटिकत राहिलं. मालकांनी खिडकीकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, सायीकडे पाहिलं. मग सुस्कारा सोडून त्यांनी खिशातून चेकबुक काढलं. ते बरोबर आणलेलं होतं, म्हणजे त्यांनाही अंदाज असावा. उरलेल्या दीड टक्क्याचा दुसरा चेक लिहून होईपर्यंत कुणीही कपाला हात लावला नाही. लिहून झाल्यावर त्यांनी आपला गार चहा एका घोटात संपवला आणि ते जिना उतरले.

सुनेने आईंचा चहा पुन्हा गरम करून दिला. त्या कप उचलणार, तेवढ्यात किल्लीवाल्यांचा फोन वाजला. नवं गिऱ्हाईक होतं.

"हो हो, आहे ना. तळमजल्यावरचं घर. घर म्हणजे सोनं. अगदी हवेशीर, चारी बाजूंनी..."

आईंनी कप हळूच बशीत ठेवला.

किल्लीवाल्यांनी बशीकडे पाहिलं.

"म्हणजे, हवा एका बाजूने येते," ते म्हणाले. "तिथे पिठाची गिरणी आहे."

आईंनी कप तोंडाला लावला.