आबांची प्रकृती आणि वाघाचं फर्मान

एका जंगलात, मुलांनो, जटाजी नावाचं एक म्हातारं अस्वल राहत होतं. त्याची मधाची चाळीस मोहोळं होती. बांधली होती मधमाश्यांनी, पण मालक जटाजी. हे तुम्हाला मोठेपणी कळेल.

त्या जंगलात कोणी मेलं, की त्याच्या मागे राहिलेला निम्मा मध वाघमहाराजांच्या कोठारात जायचा. गरिबांवर अन्याय नको म्हणून पन्नास मोहोळांपर्यंत माफी होती. त्यामुळे जटाजीचा मुलगा केसू आणि मुलगी झिपरी निर्धास्त होती. वडिलांकडे ती वर्षातून एकदा यायची.

मग फर्मान निघालं. येत्या पौर्णिमेपासून माफी फक्त दहा मोहोळांना.

नेमका तेव्हाच जटाजी खोकल्यानं अंथरुणाला खिळला होता. दोघं धावत आली. सोबत वारसा-सल्लागार तरस होता. मेलेल्यांच्या व्यवहारात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं.

तरसानं आधी जटाजीची नाडी पाहिली, मग आकाशातला चंद्र पाहिला. पौर्णिमेच्या आत झालं तर सुटसुटीत होईल, असं त्यानं मुलांना सांगितलं. आपली पाच मोहोळं त्यानं आगाऊच घेतली.

मुलांनी काढा बंद केला. "आबा, किती त्रास काढणार?" झिपरी म्हणाली. तिच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं.

पण पौर्णिमा उलटली तरी जटाजी खोकतच होता. दुसऱ्या दिवशी नवं फर्मान आलं. प्रजेच्या आग्रहास्तव वसंतापासून माफी साठ मोहोळांना.

आता मात्र काढा दिवसातून चार वेळा येऊ लागला. केसू वडिलांचे पाय चेपू लागला. वसंतापर्यंत आबांना साधी शिंकही येऊ द्यायची नाही, असं तरसानं बजावलं होतं.

इतक्या सेवेनं जटाजी ठणठणीत झाला. त्याचे कान तर कधीच बिघडले नव्हते. त्यानं तरसाला बोलावून विचारलं, "तुमच्या नियोजनात मी मध कधी खायचा?"

"तशी तरतूद नाही," तरस म्हणाला.

जटाजी उठला आणि झाडावर चढला. वसंतापर्यंत त्यानं उरलेली सगळी मोहोळं एकट्यानं संपवली.

वसंत आला. केसू आणि झिपरी आली नाहीत. जटाजीनं बराच वेळ वाटेकडे पाहिलं. मग पंजा चाटला आणि झोपला.

तात्पर्य: मुलांनो, आईवडिलांची मनोभावे सेवा करावी. मात्र सुरू करण्यापूर्वी ताजं फर्मान वाचून घ्यावं.