नाणं उडालं आणि खोली गेली

सोंग बसवून घेण्यात अख्ख्या नेब्रास्कात माझा हात धरणारा कोणी नाही, असा माझा समज होता. चाळीस वर्षं पेपरात लोकांची टर उडवली. एका म्हाताऱ्याला तासभर दुबळा ठरवणं काय अवघड!

म्हातारा म्हणजे माझा थोरला भाऊ व्हर्लिन. व्हिएतनामला जाऊन आलेला. आता शर्टाची बटणं लावायला त्याला अर्धा तास लागतो, आंघोळीत दोनदा पडलाय. उचलणारा मी एकटा, आणि माझी पाठ गंजक्या बिजागरीसारखी! माजी सैनिकांना पेन्शनवर देखभालीचा जादा भत्ता मिळतो. तो मिळाला तरच वृद्धाश्रम परवडणार होता, आणि तिथली खोली त्याच्यासाठी शुक्रवारपर्यंतच धरून ठेवलेली. पेन्शन खात्याच्या डॉक्टरांनी घरी येऊन ‘याला मदतीशिवाय जमत नाही’ एवढं लिहिलं, की काम फत्ते!

मी तालीम घेतली. "डॉक्टरांनी विचारलं कसे आहात, तर काय म्हणशील?"

"झकास!"

"अरे, झकास नाही! ‘जमत नाही’ म्हण!"

"असं म्हणालो असतो तर सार्जंटने सोलून काढलं असतं मला."

बुधवारी डॉक्टर हॅस्केल आल्या. दारातच म्हणाल्या, "मीपण सैन्यातलीच. कर्नल होते."

नाश्त्याला उठायचं तरी मला हाका मारणारा व्हर्लिन खुर्चीतून ताडकन उठला आणि त्याने कडक सॅल्यूट ठोकला.

"बसा हो. कसे आहात?"

"झकास, कर्नल!"

"अंथरूण कोण आवरतं?"

तो थेट पलंगाकडेच निघाला. ब्लँकेट ढोलकीसारखं ताणलं, आणि सैन्यातल्या तपासणीत टाकतात तसं खिशातलं नाणं त्यावर टाकलं. नाणं टुणकन उडालं! डॉक्टरबाईंचे डोळे चमकले.

"मॅडम, एरवी याला काही म्हणजे काही जमत नाही!" मी कळवळलो.

"कोण म्हणतो?" व्हर्लिन गरजला, बूट घालायला वाकला आणि त्याचा तोल गेला. मी झेलायला धावलो. पाठीत कडकन! तो पलंगावर अलगद बसला आणि मी फरशीवर, उलट्या पडलेल्या झुरळासारखा!

व्हर्लिनने खाली वाकून माझे बूट काढले, डोक्याखाली उशी सारली. "घाबरू नकोस, ऑरिन. मी आहे ना!"

डॉक्टर भराभरा लिहीत होत्या. "मदतीची गरज तुम्हालाच दिसते. तुम्ही कुठल्या तुकडीत होता?"

"कुठल्याच नाही," मी फरशीवरूनच म्हणालो. "तळवे सपाट. सैन्यात घेतलंच नाही."

त्या गेल्या. मोटारीचा आवाज विरला, तसा व्हर्लिन पलंगावर कोसळला. शर्ट घामाने चिंब.

"पास झालो ना रे?" त्याने हळूच विचारलं. "आता नाही ना मला दुसरीकडे नेऊन टाकणार?"

"पास," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

शुक्रवारी खोली दुसऱ्या कोणाला तरी गेली. आता त्याची बटणं मी लावतो, माझे मोजे तो चढवतो. दोघांचे कपडे होईपर्यंत जेवणाची वेळ होते!