बनाबाईंचा घास

देवाशिवायही अमरत्व मिळते, हे रविवारी सिद्ध करून दाखवतो, असे रंगनाथने निरीश्वर मंडळाला छातीठोकपणे सांगितले होते. नागापूरच्या कारखान्यातल्या या इंजिनिअरने वर्षापूर्वी वारलेली आपली आई, बनाबाई, मोबाईलमध्ये उतरवली होती. फोनवरचे तिचे चार वर्षांचे बोलणे त्याने संगणकाला शिकवले होते. आता ती प्रतिकृती नव्या प्रश्नांनाही आईच्याच तोऱ्यात उत्तरे द्यायची. माणूस यंत्रात उतरला की मरण संपले, असा त्याचा सिद्धांत होता.

रविवारी त्याने वीस सभासदांसमोर मोबाईल स्पीकरला जोडला आणि विचारले, "आई, मेल्यानंतर काय असतं, सांग यांना."

"ते ऱ्हाऊ दे. पित्रं चालू झाली न्हवं? माझ्या नावानं कावळ्याला घास टाकला का न्हाई?"

रंगनाथने घाईघाईने लहानपणाचा विषय काढला, तर बारावीच्या परीक्षेला तो खिशात अंगारा घेऊन गेल्याचे आईने सविस्तर सांगितले. आवाज बंद करायला तो झेपावला, पण गडबडीत अंगठा आवाज वाढवतच राहिला. तेवढ्यात वीस वर्षे नास्तिक असलेल्या छबूबाई पुढे आल्या आणि सुनेला दिवस कधी राहतील, असे हळूच विचारू लागल्या. त्यांच्यामागे आणखी तिघे उभे राहिले. बघता बघता रांग लागली.

सचिव कल्याण सरांनी स्पीकरची वायर उपसली. "रंगनाथराव, तुम्ही आई नाही उतरवली, देवऋषी बसवलाय इथं."

ठराव झाला: उद्या बारापर्यंत प्रतिकृती पुसायची, नाहीतर सभासदत्व रद्द.

रंगनाथला रात्रभर झोप लागली नाही. आईच्या देहदानाला भावकीने पाठ फिरवली, तेव्हा याच मंडळींनी तिला खांदा दिला होता. त्यांना सोडायचे, की आईला दुसऱ्यांदा घालवायचे?

सकाळी तो भाताची पत्रावळ घेऊन गच्चीवर गेला. बायकोला, सुकन्याला, त्याने पक्ष्यांच्या वर्तनाचा अभ्यास असल्याचे सांगितले. तिने भातावर तूप तेवढे वाढले.

कावळा आला, पाण्याच्या टाकीवर बसला, मान वाकडी करून बघत राहिला. भाताला काही शिवेना. पावणेबारा झाले. अशा वेळी दहाव्याला नातेवाईक काय करतात, हे रंगनाथला पक्के ठाऊक होते. मृताची राहिलेली इच्छा पुरी करू, असा शब्द द्यायचा असतो. त्याने शेजारच्या गच्च्या न्याहाळल्या. कुणी नव्हते.

"आई, तुला पुसणार नाही," तो पुटपुटला.

कावळ्याने झेप घेतली आणि भाताचा घास उचलला.

बाराच्या ठोक्याला कल्याण सरांचा फोन आला. पुसली का, त्यांनी विचारले.

रंगनाथने कावळा उडून गेलेल्या टाकीकडे पाहिले आणि आवाज शक्य तितका कोरडा केला. "सर, एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढणं अशास्त्रीय होईल. प्रयोग पुन्हा करावा लागेल." मग पत्रावळ उचलत म्हणाला, "रोज."