अक्कांच्या जुनिपरला करपा

“झाड सांभाळणं म्हणजे माझ्या हातचा मळ, अक्का! आम्ही यावलचे. अख्ख्या केळीबागा वाढवल्यात, एका झुडपाचं काय घेऊन बसलात?”

नवलनं ही फुशारकी मारली आणि मग तो जो भ्यायला, तो आठवडाभर भीतच राहिला.

धुळ्याच्या देवपुरात अभिमन नानांच्या माडीवर तो भाड्यानं राहायचा. नानांच्या ज्योतीचं आणि त्याचं जुळलं होतं. नवलच्या घरच्यांनी रीतसर विचारणाही केली होती. पण नाना म्हणाले, “एरंडोलचं लग्न आटपू द्या, आल्यावर सांगतो.” आणि घरादाराला कुलूप लावताना त्यांनी नवलच्या हवाली केला तो जुनिपर! हिमाचलच्या सहलीहून ज्योतीच्या आईनं, म्हणजे अक्कांनी, पोराला आणावं तसा मांडीवर घेऊन आणलेला. अंगणातल्या कुंडीत त्याची ती निळसर राखाडी झाक अशी खुलायची, की गल्लीतले लोक थांबून बघत. बघतच फक्त. हात लावायची कोणाची छाती नव्हती. अक्कांचा आवाज पांझरा नदीच्या पलीकडे ऐकू जातो म्हणतात!

“मातीत बोट घालून बघ,” अक्कांनी बजावलं. “वरची माती कोरडी लागली तरच पाणी. आणि उन्हातून हलवू नको.”

“हो हो,” नवल म्हणाला. मनात म्हणाला, बोट कसलं घालता? धुळ्याच्या उन्हात झाडाला तहान लागत नाही होय!

त्यानं केळीच्या हिशोबानं पाणी घातलं. बादलीच ओतली. दोन दिवसांत आतली पानं तपकिरी दिसायला लागली. तहानलंय बिचारं! त्यानं आणखी एक बादली ओतली. झाड आणखी तपकिरी झालं. आता मात्र नवल कुंडीभोवती फेऱ्या मारायला लागला. कुंडीत झाड नव्हतं, त्याचं लग्न होतं!

त्यानं पानांचा फोटो यावलला सुपडूकाकांना धाडला. काकांचा लगेच फोन आला.

“अरे बापा, हा त करपा!”

“काका, ही केळी नाहीये.”

“झाड हाये ना? मंग! औषधात तेल मिसळ नि फवार. आपुन केळीले तेच मारतो. तुले काय नवं सांगू?”

बुडत्याला काडीचा आधार. नवलनं तेल आणलं, औषध आणलं, पंप मागून आणला आणि झुडपाला अक्षरशः न्हाऊ घातलं. सकाळी दार उघडून बघतो, तर निळा रंग गायब! जुनिपरचा निळेपणा म्हणजे पानांवरचा मेणासारखा थर. तेल लागलं की तो जातो. हे काकांना कुठून ठाऊक असणार? केळी थोडीच निळी असते! आता कुंडीत एक हिरवं, तेलकट, मधूनच तपकिरी काहीतरी उभं होतं.

तेवढ्यात ज्योतीचा फोन.

“आई विचारतेय, झाड कसंय? फोटो टाक.”

त्यानं निघायच्या दिवशी काढलेला फोटो टाकून दिला. उत्तर तत्काळ आलं. “नवल, फोटोत आईच्या साडीचा काठ दिसतोय. काय केलंस तू?”

“काही नाही गं!”

“आम्ही निघालोय. दुपारी पोचतो. आईसमोर मी तुला ओळखत नाही हं!”

भ्यालेल्या माणसाला जे सुचतं, ते शुद्धीवरच्या माणसाला सुचत नाही. नवलनं किराणा दुकानातून कपड्यांची नीळ आणली, पाण्यात कालवली आणि पंपात भरली!

रिक्षा दाराशी आली तेव्हा झाड शाळेच्या गणवेशासारखं निळंशार झालं होतं. त्याखालची फरशीही, आणि नवलचे कानही. अक्का रिक्षावाल्याशी घासाघीस करत थांबल्या, ज्योती पिशव्या उतरवत होती. नाना तेवढे आत आले. त्यांनी झाडाला बोट लावलं. बोट निळं झालं.

नवलनं त्यांचे पायच धरले. “नाना, चुकलो! पाणी जास्त घातलं, तेल मारलं, नीळ मारली. मीच मारलं झाड! काय शिक्षा द्यायची ती द्या, पण ज्योतीला नाही म्हणू नका!”

नानांनी दाराकडे चोरून पाहिलं आणि त्याला खसकन उठवलं. घाईत त्यांच्या तोंडी घरची अहिराणीच आली.

“हळू बोल! झाड तू नही मारं. मीच मारं. अक्का झोपेल राहे तवय मी रोज गुपचूप पानी टाकू. निघाना आधी कुंडीमातून उपसीसन दखं, मुळं काळी पडी गयथीत, कुजेल वास ये. तसंच परत ठी दिधं.”

“म्हणजे मुळं आधीच कुजली होती? मग माझ्यावर का सोपवलंत?”

“माले एक माणूस पाहिजे व्हता. बठ्ठा दोष आपला अंगवर लेनारा.” नानांनी त्याच्या खांद्यावर निळा हात ठेवला. डोळे भरून आले होते त्यांचे. “असा जावई भेटाले नशीब लागस रे!”

‘जावई’! नवलला आनंदानं रडू येणार, तोच फाटक करकरलं आणि अक्का आत आल्या. त्यांची नजर कुंडीवर गेली.

“हे काय शे?”

नाना तोवर पायरीवर होते. आत शिरता शिरता त्यांनी मोठ्यानं सांगितलं, “ऐक वं! जावईबापूसले तुनासंगे बोलनं शे!”

आणि आतून कडी लावली.